डिकीतली जागा

कार्ला फाट्यावर गोरखची चहाची टपरी आहे आणि टपरीपुढं रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं एक बाकडं. चार माणसं ऐसपैस बसतात, सहा चिकटून. या बाकड्याच्या डाव्या अंगाला उभं राहून नथू ओव्हाळनं अर्धं आयुष्य चहा प्यायला. ‘बसू नको’ असं त्याला कोणी कधी म्हटलं नाही, इतकं वाईट गाव नाही ते. फक्त कोणी कधी सरकलं नाही. नथू आला की गप्पा तशाच चालू राहायच्या, गोरख न बघता ग्लास पुढं करायचा, आणि नथू एक पाय बाकड्याच्या टोकावर टेकवून, जणू आपल्याला उभंच आवडतं अशा थाटात, चहा फुंकायचा.

उभ्या माणसाला हसायची मात्र पूर्ण मुभा असते. आणि हसायला तिथं दत्तोबा होता.

दत्तोबा म्हणजे हायवेला लागून भाताची खाचरं असलेला म्हातारा शेतकरी. कधीकाळी तो चारचौघांबरोबर काशीला निघाला होता. इटारसीला पाणी भरायला खाली उतरला, गाडी सुटली, आणि हा बाटली हातात धरून फलाटावर. तिथूनच माघारी फिरला. पण गावात आल्यावर म्हणाला, काशी झाली, बाकीचे अजून देव करत फिरताहेत. मावंदं घातलं, गावाला पुरणपोळी जेवू घातली. मग बाकीचे परतले आणि झाकलेलं उघडं पडलं. पोळ्या खाल्लेल्या गावानं ते कधी माफ केलं नाही. दत्तोबा बाकड्यावर टेकला की कोणीतरी विचारायचंच, “गंगेचं पानी गार व्हतं का ओ?” दत्तोबा चहात बघत बसायचा. आणि सगळ्यात मोठ्यानं, मांडीवर थाप मारून हसायचा तो नथू. बसायला जागा नसली तरी मांडी त्याची त्याच्याजवळ होती.

नथूची नोकरी लोणावळ्यात, तुंगार्लीला, मेहरासाहेबांच्या बंगल्यावर. साहेब मुंबईचे, शनिवार-रविवारचे, आणि त्यांना जुन्या मोटारींचा नाद. बंगल्यामागच्या लांबट शेडमध्ये पाच-सहा म्हाताऱ्या गाड्या ओळीनं उभ्या असत. नथू त्या शेडला गोठा म्हणायचा. झाडायचं, पुसायचं, पितळेला चमक आणायची, सीटा कुरतडणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करायचा. गाडी चालवता येत नाही हे त्यानं गावात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. पण एक काम फक्त त्याचं होतं. त्या गोठ्यातली तांबडी, बिनछताची गाडी साहेबांची सगळ्यात लाडकी. ती हँडल मारल्याशिवाय उठायची नाही. पुढून लोखंडी हँडल खुपसायचं आणि सगळ्या अंगाचा जोर लावून एका झटक्यात फिरवायचं. कधी कधी गाडी उलटा झटका द्यायची. नथूचा उजवा अंगठा अशाच एका झटक्यात मोडून वाकडा बसला होता.

ती गाडी दोघांचीच; पण मागची डिकी उघडली की आतून एक सीट निघायची, उघड्यावरची, एका माणसापुरती. जुन्या काळी तिथं मालकाचा नोकर बसायचा म्हणे.

दिवाळीला साहेबांच्या क्लबाचं ठरलं: थंडीत सगळ्यांनी आपापल्या जुन्या गाड्या घेऊन राजस्थानच्या वाळवंटातून जैसलमेरपर्यंत जायचं. लॉनवर चहा चालला होता. नथू कप उचलायला वाकला, तर साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पाहुण्यांकडं बघत म्हणाले, “नथूला न्यावंच लागणार. ह्याच्याशिवाय माझी म्हातारी उठत नाही. डिकीतली सीट तुझी, काय?”

साहेबांना हे वाक्य कप रिकामा होईपर्यंत तरी लक्षात राहिलं होतं की नाही कोण जाणे. नथूनं ते मात्र जपून, न सांडता, त्याच संध्याकाळी फाट्यावर नेलं.

आधी कोणाचा विश्वास बसेना. मग नथूनं उंट, वाळूचे डोंगर, तंबू, असं बंगल्यावर कानावर पडलेलं सगळं ओतलं. आजवर त्या बाकड्यावरचं कोणी कामशेतच्या बाजारापलीकडं सांगण्यासारखं गेलं नव्हतं, दत्तोबा सोडून, आणि तो तर इटारसीलाच उतरला. गोरखनं एकदा नथूकडं बघितलं, एकदा बाकड्याकडं.

“सरका रे,” तो म्हणाला. “आबांना बसू द्या.”

बाकडं सरकलं. नथू बसला. इतकी वर्षं ज्यावर पाय टेकला ते लाकूड बसल्यावर इतकं गुळगुळीत लागतं, हे त्याला माहीतच नव्हतं. दोन्ही बाजूंनी माणसांची ऊब होती. नथूला वाटलं, आता आपण मेलो तरी बसून मेलो असं म्हणतील.

बसलेल्या माणसाची जीभ उभ्या माणसापेक्षा लांब होते. आठवड्याभरात नथू ‘ए गोरख, साखर जास्त टाक’ म्हणायला लागला. पंधरवड्यात त्यानं दत्तोबाला गाठलं. म्हणाला, “दत्तोबा, मी काय वाटंत पानी भराया उतरनार न्हाई बरं का.” बाकड्याची हसून मुरकुंडी वळली. दत्तोबानं चहातून मान वर केली आणि पहिल्यांदाच नथूकडं नीट बघितलं.

“नको उतरू,” तो म्हणाला.

मावळात माणूस जन्मला, दहावी झाला, ग्रामपंचायतीला उभा राहिला किंवा नुसताच वाढदिवसाला आला, तरी फ्लेक्स लागतो. नथूचा लागणारच होता. गोरखनं आणि नथूच्या मुलानं, सुरजनं, मिळून तो वडगावात छापून आणला. ‘वाळवंट मोहिमेस निघालेले आपल्या गावचे सुपुत्र मा. नथू सखाराम ओव्हाळ यांना हार्दिक शुभेच्छा.’ मधोमध नथू, डोळ्यांवर कॉम्प्युटरनं बसवलेला काळा गॉगल, मागं उंट, बाजूला एक गाडी, जी साहेबांची नव्हतीच. खाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं. फ्लेक्स लागला फाट्यावर, गावाच्या कमानीच्या खांबाला; एसटीतून उतरणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसायचा. नथू रोज उतरला की आधी इकडंतिकडं बघायचा, मग स्वतःकडं.

सून प्रतीक्षानं वडगावच्या बाजारातून त्याच्यासाठी लाल मफलर आणला. एका टोकाची झालर उसवली होती. लाल दोरा सापडला नाही, म्हणून तिनं निळ्यानं टाके घातले. निघायच्या आदल्या दिवशी विहारात सगळ्यांनी त्रिसरण म्हटलं, नथूला हार घातला, आणि कोणीतरी दोन शब्द बोलायचा आग्रह केला. नथूचे दोन शब्द अर्धा तास चालले.

निघायच्या दिवशी सकाळी बंगल्याच्या फाटकात सगळ्या गाड्या ओळीनं लागल्या होत्या. साहेबलोक टोप्या घालून, मॅडमलोक डोक्याला रुमाल बांधून फोटो काढत होते. नथूनं मफलर गळ्याभोवती दोन वेढे घालून बांधला होता, पायांशी कपड्यांची पिशवी होती. त्यानं हँडल उचललं आणि तांबड्या गाडीपुढं जाऊन उभा राहिला.

“अरे, ते राहू दे,” साहेब आत बसल्या बसल्या म्हणाले आणि त्यांनी काहीतरी दाबलं. गाडी उठली. नुसती उठली, खोकली पण नाही. मागच्या महिन्यात रंगाला म्हणून ती पुण्याला नेली होती, तेव्हाच तिला सेल्फ बसवून आणला होता.

नथू हँडल हातात घेऊन उभा राहिला. मग मॅडम आल्या, त्यांच्यामागं सुलतान. सुलतान म्हणजे मॅडमचा कुत्रा, वासराएवढा, सोनेरी केसांचा. मॅडम चांगल्या होत्या, आवाजही गोड होता. त्या म्हणाल्या, “नथू, सुलतान मेरे बिना खाना नहीं खाता ना. उसको वो पीछे की सीट दे रहे हैं. तू समजून घेशील ना?”

नथू समजला. समजायला त्याला वेळ लागला नाही, फक्त मान हलवायला लागला.

डिकीची पायरी उंच होती आणि सुलतान दुसऱ्या कोणी हात लावला की गुरगुरायचा. त्याला रोज खाऊ घालायचा नथूच. म्हणून नथूनंच त्याला दोन्ही हातांत उचलून त्या सीटवर बसवलं. मॅडमनी कुत्र्याला खास बनवून आणलेला गॉगल चढवला, लांब होऊन बघितलं, डोकं एका बाजूला कलतं केलं.

“कुछ कमी है,” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर नथूच्या गळ्यावर गेली. “हा लाल किती क्यूट आहे. देशील?”

नथूनं वेढे सोडले. सुलतान गुरगुरतो म्हणून मफलरही त्यालाच बांधावा लागला. निळ्या टाक्यांची झालर आत घ्यायला तो विसरला.

“पुढच्या वर्षी नक्की, हां नथू,” साहेब म्हणाले. “आता पंधरा दिवस घरी जा, आराम कर. ऐश कर.” आणि धूर सोडत गाड्या खाली उतरल्या.

स्वयंपाकीण धोंडाबाई ओसरीवरून बघत होती. एक पोळी-भाजी बांधून तिनं नथूच्या पिशवीत टाकली, एवढंच.

नथू जीपनं घरी निघालाही होता. पण कार्ला फाटा आला आणि खांबावरून तो स्वतःच स्वतःकडं बघायला लागला, गॉगल घालून, उंटापुढं. खाली बाकड्यावर गोरख, पोरं, दत्तोबा. जीपवाल्यानं गाडी हळू केली. “उतरायचं ना, आबा?”

नथूनं पिशवी तोंडापुढं धरली. “पुढं,” तो म्हणाला. “वडगावला.”

वडगावात तो कोर्टासमोरच्या झाडाखाली दुपारपर्यंत बसला, आणि मग मागच्या वाटेनं, लोकलनं, परत लोणावळ्याला. गोठ्यात तांबड्या गाडीची जागा रिकामी होती. तिच्या तेलाच्या डागाशेजारी त्यानं चटई टाकली.

“नथूभाऊ, घरी सांगून टाका,” धोंडाबाई म्हणाली. “कुत्र्याला नेलं त्यात तुमचा काय दोष?”

नथू तिच्यावरच खेकसला. तुला काय कळतंय, तू भाकऱ्या बडव, म्हणाला. तिनं मुकाट्यानं ताट ठेवलं. दोन दिवस ती नुसतं ताट ठेवायची आणि जायची. तिसऱ्या दिवशी नथू दुपारच्या उन्हात शेडच्या पत्र्यावर उताणा पडलेला तिला दिसला. वाळवंटातून आलेला माणूस काळा पडायला हवा, म्हणून तो भाजत होता. अर्ध्या तासानं कूस बदलायचा. खालून धोंडाबाई म्हणाली, “दुसरीकडून पन होऊ द्या. नायतर फुलका एकाच बाजूनं भाजलेला वाटंल.”

प्रतीक्षा रोज फोन करायची. नथूचा फोन साधा, बटणांचा. तो फोन कानाला लावून, वाऱ्याचा आवाज यावा म्हणून तोंडासमोर हात हलवत, मोठ्यानं बोलायचा. उदेपूर गेलं, आता जोधपूर, उंट लय घाण वास मारतो, अशी बातमी द्यायचा. एकदा बोलताना घाटातून वर आलेल्या इंजिनानं लांबलचक भोंगा दिला. प्रतीक्षा थांबली. मग म्हणाली, “आबा, तितं पन रेल्वे हाय?”

“हाय की,” नथू म्हणाला. “वाळूतनं जाती.”

त्याच रात्री सुरजच्या फोनवर क्लबाचा एक व्हिडिओ फिरत फिरत आला. जेवताना सुरजनं तो बघितला आणि त्याला हसून ठसका लागला. तांबडी गाडी वाळूतून चालली होती, पुढं साहेब आणि मॅडम, आणि मागं डिकीत गॉगल घातलेला कुत्रा, जीभ बाहेर, गळ्यातला लाल मफलर वाऱ्यावर. सुरज कुत्र्याला हसला. प्रतीक्षानं फोन हातात घेतला, जवळ धरला आणि म्हणाली, “ही झालर मी शिवलीय.”

मग दोघं बराच वेळ जेवले नाहीत. आबांना काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. पण हसू हे उलटीसारखं असतं. हात धुवायला बाहेर गेलेल्या सुरजनं तो व्हिडिओ एकट्या गोरखला पाठवला. ‘कोणाला दाखवू नको,’ असं लिहूनच पाठवला.

नथू परतला तेव्हा सगळं फाट्यावर जमलं होतं. तो एसटीतून उतरला, भाजून काळाठिक्कर, पायांत लोणावळ्याच्या स्टेशनाजवळच्या दुकानातून घेतलेली टोकदार राजस्थानी मोजडी. हार पडले, हलगी वाजली. आणि कोणीही, एकही माणूस, हसला नाही. गोरखनं पोरांना आधीच तंबी दिली होती: जो हसंल त्याला चहा बंद.

“सरका रे, आबा आले.”

नथू बसला आणि सांगायला लागला. आणि एक गोष्ट खरी, नथू सांगायचा छान. वाळू कशी सापासारखी सरकते, पहाटे गाडीच्या टपाला दव नाही तर बर्फ असतं (त्या गाडीला टप नव्हता, पण चालायचं), उंट शिंकला तेव्हा साहेबांची टोपी कशी उडाली. उंटाच्या शिंकेवर तो क्षणभर थांबायचा, नाक वर करायचा, आणि मगच शिंकायचा. पोरं अगदी गंभीर चेहऱ्यानं प्रश्न विचारायची.

“आबा, डिकीत वारा लय लागत आसंल?”

“लय.”

“गॉगल व्हता का डोळ्याला?”

नथूला फ्लेक्सवरचा गॉगल आठवला. “व्हता की. मॅडमनी सोताच्या हातानं घातला.”

“तोंड उघडं ठेवायला लागतं का ओ? जीभ वाळली आसंल.”

“वाळती तर. पन बंद ठिवलं तर दम लागतो.”

पोरं माना डोलवायची. एखादा उठून टपरीमागं जायचा आणि तिथून भिंतीवर डोकं आपटल्यासारखा आवाज यायचा. नथूला वाटायचं, काय ऐकतात पोरं. दर रविवारी त्याला बोलावणं असायचं. टाकव्याच्या कंपनीत सुरजबरोबर कामाला असलेली माणसं खास गाडी करून ऐकायला यायची, आणि नथू त्यांना विचारायचा, कुठून ऐकलंत माझ्याबद्दल? घरी प्रतीक्षा ताट वाढताना दोन-तीनदा तोंड उघडायची, मिटायची. एकदा म्हणाली, आबा, आता पुरे झालं की ते वाळवंट. नथू म्हणाला, लोकच सोडत न्हाईत, मी काय करू.

उन्हाळ्याच्या शेवटी क्रिकेटची फायनल आली. गोरखनं टपरीशेजारी भिंतीएवढा पडदा भाड्यानं आणून उभा केला, माइक लावला, खुर्च्या मांडल्या. म्हणाला, टॉसपर्यंत आबांचा कार्यक्रम. सगळं गाव यायचं होतं, बायामाणसांसकट.

दुपारी प्रतीक्षा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. “आबा, आज नका जाऊ फाट्यावर.”

“का?”

तिच्या ओठांवर सगळं होतं. कोंबडीला चोचीत दाणा धरून गिळता येऊ नये तसं. “ऊन लय हाय,” ती म्हणाली.

नथू हसला. “वाळवंटातनं आलेल्या मानसाला सांगती व्हय,” म्हणाला, आणि मोजडी घातली.

पडद्यापुढं गोरखनं त्याला उभं केलं, लोकांकडं तोंड, पडद्याकडं पाठ. हातात माइक. नथूनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. इतकी तोंडं त्याच्याकडं वळलेली त्यानं जन्मात बघितली नव्हती. पहिल्या रांगेत सुरज होता, त्याच्या मागं उभी प्रतीक्षा, टोकाला खुर्ची ओढून दत्तोबा. नथूनं घसा खाकरला आणि जोधपूरपासून सुरुवात केली.

सांगणाऱ्याला एक गोष्ट पाठीच्या कण्यात कळते: हसू कुठं यायला हवं. उंटाची शिंक अजून लांब होती. नथू नुसतं एवढंच म्हणाला होता, “मी डिकीत बसलो,” आणि लोक फुटले. त्यानं थांबून बघितलं. परत म्हणाला, “वारा असा तोंडावर,” आणि खुर्च्या हलायला लागल्या, बायांनी पदर तोंडात कोंबले. हशा चुकीच्या जागी पडत होता. आणि कोणीच नथूकडं बघत नव्हतं. सगळे त्याच्या डोक्याच्या जरा वर बघत होते.

नथू वळला.

पडद्यावर तांबडी गाडी वाळूतून चालली होती. सुलतान डिकीत बसला होता, खऱ्या सुलतानाच्या चौपट मोठा. डोळ्यांवर गॉगल. जीभ बाहेर. गळ्यात लाल मफलर, आणि त्याच्या टोकाला निळे टाके, प्रत्येकी हातभर लांबीचे.

गॉगल व्हता का. जीभ वाळली आसंल. एकेक रविवार नथूच्या डोळ्यांपुढून त्या गाडीच्या मागं मागं गेला. हसू थांबलं होतं. सगळं गाव वाट बघत होतं, म्हातारा आता काय करतो. पळतो, रडतो, का शिव्या देतो. नथूनं माइक तोंडाशी नेला. त्याचा आवाज बराच बारीक आला, पण आला.

“मग,” तो म्हणाला, “हे शूटिंग कोन करतंय? मीच की.”

मग जो हशा उठला तो कार्ल्याच्या डोंगरावर आपटून परत आला असेल. गोरख तर खालीच बसला. उठला, डोळे पुसले, आणि नथूजवळ आला. अदबीनं, दोन्ही हातांनी, त्यानं आपला मोबाईल पुढं केला, ज्यातून तो व्हिडिओ पडद्यावर चालला होता.

“आबा, मग आमचा बी एक फोटू काढा.”

पोरं धावली, रांगेत उभी राहिली, खांद्यावर हात टाकून. नथूनं फोन धरला. गोरखनं कॅमेरा उलटा लावून दिला होता. त्यात पोरं दिसत नव्हती, त्यात नथूच दिसत होता. आणि जे फोनमध्ये दिसत होतं ते पाठीमागं पडद्यावर, भिंतीएवढं, सगळ्या गावाला दिसत होतं: खालून दिसणाऱ्या नाकपुड्या, खुरटी दाढी, बटण शोधणारे डोळे, आणि मधेच पडद्यावर आडवा येणारा एक वाकडा अंगठा.

नथूनं फोनवरून नजर काढली आणि समोर बघितलं. सुरजनं डोळ्यांवर हात घेतला होता. त्याचे खांदे हलत होते. रडत असेल, असं नथूला एक क्षण वाटलं. मग हात खाली आला.

प्रतीक्षा रांगेतून वाट काढत पुढं आली. ती फोन हिसकावून घेईल, काहीतरी बोलेल, असं लोकांनाही वाटलं. तिनं नथूचा अंगठा धरला आणि जिथं हवा तिथं टेकवला.

“हितं दाबा, आबा,” ती म्हणाली.

खटकन आवाज झाला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात टॉस झाला आणि मागून कोणीतरी ओरडलं, आबा, बाजूला व्हा, दिसंना.

दुसऱ्या दिवशी नथू कामाला गेला. जायला तर हवंच होतं. सुलतानला खाऊ घातलं, तांबडी गाडी पुसली. धोंडाबाईनं ताट ठेवलं तेव्हा तिला म्हणाला, गावात समजलं. ती म्हणाली, मला फोनवर आला फोटू. तुमचा, नाकापासनं काढलेला.

संध्याकाळी जीप फाट्याशी हळू झाली. खांबावरचा फ्लेक्स कधीच उतरवला होता. गोरखनं तो कोळशाच्या पोत्यांवर अंथरला होता, पालथा नाही, उताणा. उंट दुमडला गेला होता. नथूचं तोंड वर आलं होतं आणि गॉगलवर कोणीतरी चहाची चाळणी वाळत ठेवली होती.

जीपवाल्यानं विचारलं, पुढं का?

नथू उतरला. तो बाकड्यापाशी गेला नाही. डाव्या अंगाला, आपल्या जुन्या जागी, उभा राहिला. पाय मात्र टेकवला नाही. बाकड्याला न शिवता उभा राहिलो तर पहिल्यासारखं कोणाचं लक्ष जाणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. गोरखनं ग्लास पुढं केला. मग म्हणाला, “सरका रे. आबा आले.”

बाकडं सरकलं, कधी नव्हे इतकं ऐसपैस. नथू उभाच होता. तेव्हा टोकाला बसलेल्या दत्तोबानं आपल्या शेजारचं लाकूड तळहातानं पुसलं, पाहुण्यासाठी पुसावं तसं.

“बस,” तो म्हणाला. “लय वर्सं म्या संभाळली ही जागा. आता तुझी.”

नथू बसला. लाकूड तेच होतं, गुळगुळीत. दोन्ही बाजूंनी माणसांची ऊब होती. मग पलीकडच्या टोकावरून एक पोरगं, नुकतंच मिसरूड फुटलेलं, फार गरीब आवाजात म्हणालं, “आबा, मॅडमनी बिस्किट हातानं भरवलं, का खाली टाकलं?”

नथू चहात बघत बसला.

आणि मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, सगळ्यात मोठ्यानं हसला तो दत्तोबा.